अभंगाची फलश्रुती : देहूच्या परंपरेच्या आधारे एक विचार

काव्याने माणसाचे नेमके कोणते हित साधते, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्रास नवा नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली आहेत, त्यांत अनिष्टाचे निवारण हे एक असून त्याच्या उदाहरणादाखल सूर्यस्तुती रचणाऱ्या मयूर कवीचा निर्देश केला आहे. त्या स्तोत्राच्या प्रभावाने मयूराचा कुष्ठरोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी तीमागील श्रद्धा अद्याप संपलेली नाही. तिने केवळ वेष पालटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कला व आरोग्य यांच्या संबंधाविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला असून, बाल्यापासून वार्धक्यापर्यंत रोगप्रतिबंधास व उपचारास कलांचे साहाय्य होते, असा निष्कर्ष काढला आहे. या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. तथापि समीक्षकाचा प्रश्न त्यापुढचा आहे. कलाकृतीतील कोणत्या गुणामुळे हे हित साधते? देहूच्या अभंगपरंपरेइतके या प्रश्नाच्या परीक्षेस योग्य स्थळ मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

संतकाव्य मनाला शांती देते, हे या प्रश्नाचे रूढ उत्तर होय. परंतु तुकारामांचा गाथा वाचणारास ते अपुरे वाटल्यावाचून राहत नाही. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, प्रतिष्ठा गेली आणि पहिली पत्नी अन्नान्न करीत मरण पावली. ही हकीकत त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितली आहे. त्यानंतर भंडारा व भामचंद्र या डोंगरांवरील एकांतात जे काव्य सिद्ध झाले, त्यात शांतीइतकीच अशांती आहे. देवाशी भांडण आहे, स्वतःच्या दोषांचा निर्दय पंचनामा आहे, मनाशी अहोरात्र चाललेला झगडा आहे. दुःख झाकून ठेवणारे हे काव्य नसून दुःखाला नाव देणारे काव्य आहे. जे उच्चारता येत नाही, तेच मनुष्यास आतून पोखरीत असते. तुकारामांचा अभंग ते उच्चारण्यास शब्द पुरवितो. शेवटच्या चरणात ‘तुका’ ही नाममुद्रा येते तेव्हा गाणारा ती स्वतःच्या मुखाने उच्चारतो आणि दुसऱ्याच्या कबुलीच्या आश्रयाने आपली कबुली देतो. अभंगाचे आरोग्यदायी सामर्थ्य प्रथमतः या प्रामाणिकपणात आहे.

दुसरे सामर्थ्य रचनेत आहे. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात सामान्यतः सहा-सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा चरण असतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधलेले असते. हा लहानसा साचा निरक्षरासही सहज पाठ होतो. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणास घेतला जातो, कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे राहून धृपद उचलतात आणि पखवाजाच्या लयीवर पावले पडू लागतात. अशा रीतीने स्मृती, श्वास व शरीर यांना एकाच वेळी काम मिळते. काकड्यापासून हरिपाठापर्यंतच्या या नित्यक्रमात मूल प्रथम टाळ धरावयास शिकते, मग शब्द, आणि अर्थ पुष्कळदा आयुष्याच्या उत्तरार्धात. वृद्धास चालणे अवघड झाले, तरी पाठ केलेले त्याजपाशी राहते. तुकारामांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली आणि हीच शाळा पंढरीच्या वाटेवर चालू लागली.

या शिक्षणाचा सर्वांत बोलका पुरावा बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मनिवेदनात मिळतो. विद्येचा अधिकार नाकारलेल्या या ब्राह्मण स्त्रीने कोल्हापुरात कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. आपल्या लाडक्या वासराच्या मृत्यूनंतर ती काही दिवस बेशुद्धावस्थेत होती आणि स्वप्नात तिला तुकारामांचा अनुग्रह झाला, असे ती सांगते. पतीचा मारही तिने सोसला. पुढे ती देहूस आली. अभंगाने तिचे दुःख नाहीसे केले, असे म्हणता येत नाही. परंतु दुःख सोसणाऱ्या स्त्रीस त्याने कवयित्री केले. मयूराच्या आख्यायिकेत काव्याच्या बळावर व्याधी जाते, येथे व्याधिग्रस्तास वाणी मिळते. हा भेद मूलभूत आहे.

तथापि या फलश्रुतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात (इंग्रजी रूपांतर १९६२) पालखीबरोबरच्या प्रवासाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात एकच अभंग गाणारे वारकरी जेवणाच्या वेळी मात्र जातवार वेगळे होतात. सूर जुळले, तरी पंक्ती जुळल्या नाहीत. दुसरी मर्यादा इंद्रायणीची आहे. ज्या नदीने बुडविलेल्या वह्या कोरड्या परत केल्या असे परंपरा मानते, तीच नदी आज पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी वाहते आणि आळंदीस तिच्या पात्रावर अलीकडे वारंवार फेस दिसला आहे. तीर्थ म्हणून ते पाणी तोंडी लावणाऱ्या भाविकाचे रक्षण कोणताही अभंग करणार नाही. तेथे सांडपाण्याची शुद्धीच हवी. कलेस औषधाच्या वा शासनाच्या जागी बसविणे हा कलेचा गौरव नव्हे, ती जबाबदारीची टाळाटाळ होय.

सारांश, अभंगास केवळ मनःशांतीचे साधन मानणारा श्रद्धाळू आणि त्यास केवळ उपचार मानणारा आधुनिक, या दोघांच्याही दृष्टीतून काव्य निसटते. अभंग हितकर ठरतो तो खरे बोलतो म्हणून, आणि ते खरे बोलणे सर्वांना मिळून, देहासह व जन्मभर करता येईल अशा रूपात घडविलेले आहे म्हणून. हा सत्याचा अंश गाळून उरलेला ताल सुखद वाटेल, परंतु दुष्काळात सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या उपयोगी तो पडला नसता.