‘गोड’मधला ‘ड’

मावळातल्या माझ्या एका विद्यार्थ्याची कविता स्पर्धेत नाकारली गेली. शेरा होता: ‘कर्णकटू’. दगड, खडी, टोपली, पाठ हे तिचे शब्द.

हा निकष जुना आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त माधुर्यातून टवर्ग वगळला आणि प्रस्थापित समीक्षेने तोच कान दलित कवितेला लावला. पण मराठीचा कान वेगळा आहे. गोड, ओठ, मिठी हे शब्द टवर्गाशिवाय उच्चारून पाहा! कार्ल्याच्या लेण्यातील प्राकृत लेखात दाराचे काम करणाऱ्या सुताराची नोंद आहे. संस्कृत ‘वर्धकि’ तिथे ‘वढकि’ होतो. कष्टकऱ्याचा हा ‘ढ’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच मावळच्या कातळावर कोरला गेला.

मात्र आपल्या कवींनीही हे लक्षात घ्यावे, की टवर्गाची रास घातल्याने विद्रोह होत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपीठा’चे (१९७२) बळ नुसत्या कठोर वर्णांत नाही, वस्तीची बोली आणि तत्सम शब्द यांच्या टकरीत आहे. नादाला अर्थ देतो तो अनुभव.

त्या विद्यार्थ्याच्या कवितेत शेवटी आई टोपली उतरवून लेकराला मिठी मारते. पाठीवरचा ‘ठ’ तिथे मऊ होतो. परीक्षकांनी तेवढेच ऐकले नाही.