पडद्यावरची पाने आणि उमरेडच्या बायका

मराठी स्त्रीचा इतिहास धुंडाळणाऱ्याला आज घरबसल्या जेवढी साधने मिळतात, तेवढी मागच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या योजनेत स्कॅन झालेली हजारो जुनी पुस्तके आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. इंपीरियल गॅझेटियर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचता येते, आणि इंग्रजी अमदानीतल्या शिरगणतीचे खंड साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्जने खुले केले आहेत. उमरेडच्या महाविद्यालयातल्या मुलीला यासाठी नागपूरलाही जावे लागत नाही, मग मुंबई-पुणे तर दूरच. ही सोय मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिच्या आधारे स्त्री-पुरुषांच्या जुन्या भूमिकांबद्दल जे लिहिले जाते, त्यात एक खोट राहते. पडद्यावर आले आहे ते बहुतांशी बाईने कसे वागावे हे सांगणारे लिखाण. बाई प्रत्यक्षात काय करत होती, हे सांगणारे कागद एकतर स्कॅन झालेले नाहीत, किंवा झाले असूनही स्त्रियांचा इतिहास म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

या साधनांनी काय दिले ते आधी सांगायला हवे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली, तरीही ते जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कुठे मराठी वाचकाला त्याची ओळख झाली. एका पुस्तकाची एखादी प्रत एखाद्या संग्राहकाच्या हाती लागते की नाही, यावर इतिहास अवलंबून असण्याचे दिवस आता सरले. शिवाय अशी पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात. १८८२ सालीच पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ निघाले. एकाच वर्षी एक विदुषी बायकांना वागणुकीचा उपदेश करते आणि दुसरी पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. ही दोन पुस्तके एकत्र वाचली की त्या काळी स्त्रीची भूमिका आखून झालेली नव्हती, तिच्यावर वाद चालू होता, हे ध्यानात येते. हे ध्यानात येणे हीच डिजिटल संग्रहांची खरी कमाई आहे.

पण हा वाद कोणत्या घरातल्या बाईबद्दल होता? गृहिणीधर्माची पुस्तके, पाकशास्त्रे, बालसंगोपनाचे ग्रंथ, १९३० पासूनचे ‘स्त्री’ मासिक, रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी, या साऱ्यांचा वाचक साक्षर होता, बहुधा शहरी होता आणि बहुतेक वेळा उच्चवर्णीय होता. त्यात दिसणारा घर आणि बाहेर हा भेद, म्हणजे पुरुष कमावणार आणि बाई घर सांभाळणार, आपण नकळत सगळ्या मराठी समाजाचा मानतो. उमरेडसारख्या गावी तो लागू करून पाहिला की उसवतो. इंपीरियल गॅझेटियरने उमरेडची ओळख करून दिली आहे ती रेशीमकाठी सुती कापड विणणारे गाव म्हणून. हातमागाचा धंदा म्हणजे अख्खे घर कामाला लागलेले. मागावर पुरुष बसला तरी सूत उकलायचे, कांड्या भरायच्या, खळ द्यायची, ताणा लावायचा, ही कामे घरातल्या बायकापोरांची. त्यांच्यावाचून धोटा एकदाही इकडून तिकडे जात नाही. इथे घर हाच कारखाना होता. घर आणि बाहेर अशी वाटणी करणाऱ्या पुस्तकात या बाईला बसवायला जागाच नाही.

मग तिला शोधायचे कुठे? शिरगणतीत, असे पहिले उत्तर येईल, आणि ते अर्धे बरोबर आहे. १९०१ आणि १९११ च्या खंडांत प्रत्येक धंद्यासमोर प्रत्यक्ष काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे असे वेगळे आकडे आहेत. काम करणाऱ्यांत पुरुष किती, बायका किती, तेही दिले आहे. १९३१ साली हे रकाने बदलले: कमावते, काम करणारे आश्रित आणि काम न करणारे आश्रित. कांड्या भरणारी बाई कमावती की आश्रित, हे ठरवणार कोण? गणनेला आलेला मास्तर किंवा पटवारी, आणि त्याला उत्तर देणारा घरातला कर्ता पुरुष. रकाना बदलला की त्याच बाईचे काम एका शिरगणतीत दिसते आणि पुढच्या शिरगणतीत नाहीसे होते. त्यामुळे दोन शिरगणत्यांतले आकडे शेजारी मांडून बायकांचे काम घटले किंवा वाढले असे म्हणणे धोक्याचे आहे. या आकड्यांतून बायकांच्या कामाहूनही अधिक स्पष्ट दिसते ती त्या कामाला काम न मानण्याची सरकारी आणि घरगुती सवय. ती सवय हाही पुरावाच आहे, फक्त तो तसा वाचला पाहिजे.

याच उमरेडमध्ये १८९२ साली जाईबाई चौधरी यांचा जन्म झाला. महार कुटुंबातली ही मुलगी दुष्काळाच्या दिवसांत घरच्यांबरोबर नागपूरला आली. लहानपणीच तिचे लग्न झाले. पोटासाठी तिने नागपूर-कामठी भागात हमाली केली, डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने ती शिकली आणि शिक्षिका झाली. जात कळल्यावर लोकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. १९२२ साली तिने नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. हे आयुष्य वर सांगितलेल्या पुस्तकांच्या कोणत्या प्रकरणात बसेल? बाहेर पडणे हे तिच्यासाठी बंड नव्हते. उंबऱ्याआत राहण्याची मुभा तिला कधी मिळालीच नव्हती. बाईला शिकू द्यावे की नाही यावर पुण्या-मुंबईत वाद चालू असताना, तिला शिकवू द्यावे की नाही हा प्रश्न नागपुरात तिच्या जातीवरून निकालात काढला गेला. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना अस्पृश्य म्हणून वेगळे वागवले गेले. त्याचा निषेध करायला दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा घेतली. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारोंच्या संख्येने जमलेल्या बायकांनी तिथे घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हणून सांगितले आणि गिरण्यांत राबणाऱ्या बायकांसाठी सवलती मागितल्या.

हे आपल्याला कसे कळले, हा या लेखातला कळीचा प्रश्न आहे. कोणत्याही संकेतस्थळाच्या शोधचौकटीतून ते कळलेले नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी फिरून म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायकांशी बोलून, आंबेडकरी चळवळीची जुनी पत्रे आणि परिषदांचे वृत्तांत गोळा करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी संगणक त्यांच्या मदतीला नव्हता. आज संगणक आहे, पण त्यांनी ज्या प्रकारचे कागद शोधले ते अजूनही त्यात तुरळकच सापडतात. किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्यांनी नागपुरात तुटपुंज्या पैशांवर चालवलेली पत्रे मोठ्या ग्रंथालयांनी बांधून जपली नाहीत. जे जपले गेले नाही ते स्कॅन कसे होणार? १९०० सालच्या ग्रंथपालाने काय ठेवण्याजोगे मानले, त्याचाच निवाडा आजच्या संगणकाने आणखी पक्का केला आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की ही केवळ वेळेची गोष्ट आहे. आज हे नाही, उद्या तेही चढेल. पण स्कॅनिंगचे पैसे आणि माणसे मर्यादित असतात. ‘दुर्मिळ’ आणि ‘महत्त्वाचे’ या कसोट्यांवर निवड होते, आणि त्या कसोट्या लावणारे हात बदलल्याशिवाय क्रम बदलत नाही. नुसत्या वाट पाहण्याने कुजणारा कागद टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आठवणी आणि मुलाखती भरवशाच्या नसतात, छापील कागद बरा, असे अनेक इतिहासकार म्हणतात. आठवणीत तारखा सरकतात, हे खरे. पण छापील कागदालाही घरातल्या कर्त्याची नजर असतेच. कांड्या भरणाऱ्या बाईला आश्रित लिहिणारा कागदही छापीलच होता. दोन्ही एकमेकांवर घासून पाहावे लागतात. जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी उभा केला आणि पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने लोकांसमोर आणला, त्याने हे काम कसे करावे याचा नमुना घालून दिला आहे. लाखभर ओव्या गाव आणि गाणारीच्या नावासह नोंदलेल्या, विषयवार लावलेल्या. त्यात पश्चिम महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे; विदर्भाच्या बायकांच्या गाण्यांसाठी त्या तोडीचे काम व्हायचे आहे.

तिसरा अडसर तंत्राचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. देवनागरी अक्षर ओळखणारी यंत्रणा सुधारली असली तरी जुन्या ठशांतली जोडाक्षरे, पुसट शाई आणि शिळाप्रेसची पाने तिला नीट वाचता येत नाहीत. मोडीचे तर बोलायलाच नको. त्यात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या कित्येक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत कशीही उतरवलेली आहेत. भर म्हणजे कित्येक बायका स्वतःच्या नावाने लिहीत नसत. ‘एक स्त्री’, ‘सौ.’ आणि नवऱ्याचे आडनाव, टोपणनाव अशा सह्या. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले तेही विभावरी शिरूरकर या नावाने. नावावर आधारलेल्या सूचीत अशा लेखिका विखुरतात. या कामाला मराठी आणि तो काळ जाणणारी माणसे लागतात, आणि ती माणसे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतच आहेत.

सर्वांत मोठी संधी मात्र अनपेक्षित ठिकाणी आली आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने राज्य सरकारने जुने महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे तपासून स्कॅन करायला घेतली. सगळ्यांची नजर त्यांत बापाच्या जातीच्या रकान्यावर होती. त्याच पानावर मुलीचे नाव, तिचे वय, ती कोणत्या इयत्तेत होती आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकानेही असतात. उमरेड तालुक्यातल्या मुली कोणत्या वर्षी, कोणत्या जातीतून, किती वयाला शाळेत आल्या आणि कशासाठी बाहेर पडल्या, याचे उत्तर देऊ शकेल असे याहून चांगले साधन मराठीत नाही. जिवंत माणसांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, म्हणून शंभर वर्षांपलीकडची पानेच खुली करावीत. त्यांतल्या मुलींपैकी आज कोणी हयात असण्याची शक्यता नगण्य. उमरेड आणि भिवापूरच्या जुन्या शाळांच्या अशा रजिस्टरांचा वर्षवार, जातवार तक्ता करणे हे दोन-तीन विद्यार्थिनींना एका शिक्षणवर्षात जमण्यासारखे काम आहे, आणि ते कोणी तरी आत्ताच हाती घ्यायला हवे, कारण कपाटातल्या मूळ कागदांना वाळवी लागायला परवानगी लागत नाही.