एका चौकांतील दोन स्मारकें

नाटकावर, कादंबरीवर किंवा एखाद्या नव्या काव्यसंग्रहावर आमच्या मासिकांतून जितकी चर्चा होते, तिच्या शतांशही चर्चा रस्त्यावर उघड्या असलेल्या शिल्पकृतींवर होत नाहीं. पुस्तक ज्याला घ्यावयाचें तो घेतो, न आवडलें तर मिटून ठेवतो; परंतु चौकांतील पुतळा प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यास, त्याची इच्छा असो वा नसो, रोज पाहावा लागतो. असें असतां त्याच्या बऱ्यावाईटाविषयीं आम्ही बोलत नाहीं. पुतळा परकीयांनीं बसविलेला असेल तर तो काढावा कीं ठेवावा एवढाच वाद होतो; आणि तो आपल्या पूज्य माणसांचा असेल तर हार घालून आम्ही मोकळे होतों. शिल्प या दृष्टीनें तो कसा आहे, हा प्रश्न दोन्ही वेळां विचारावयाचा राहून जातो. मुंबईच्या कोट भागांतील हुतात्मा चौकांत हीं दोन्ही प्रकारचीं स्मारकें शेजारींशेजारीं उभीं आहेत. त्यांच्याकडे पाहून हा प्रश्न विचारण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पहिलें स्मारक म्हणजे फ्लोरेचें कारंजें. फ्लोरा ही रोमन लोकांची पुष्पदेवता. हें कारंजें १८६४ सालचें. रिचर्ड नॉर्मन शॉ यानें त्याचा आराखडा काढिला, जेम्स फोर्सिथ या शिल्पकारानें तें घडविलें, आणि दगड आणविला तो इंग्लंडांतील पोर्टलंडचा; लंडनचें सेंट पॉलचें देवालय ज्या पांढुरक्या चुनखडीच्या दगडाचें आहे, तोच हा. एकंदर खर्च ४७,००० रुपये आला आणि त्यांपैकीं २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनीं दिले. लंडनची ‘न्यू स्कॉटलंड यार्ड’ ही इमारत बांधून शॉ पुढें फार मोठा झाला. या वेळीं तो तिशी नुकतीच ओलांडलेला, फारसें नांव न झालेला माणूस होता. फोर्सिथचा हात मात्र कारंजांवर बसलेला होता; इंग्लंडांत विटली कोर्ट येथील वाड्याच्या बागेंत पर्सियस व अँड्रोमिडा यांचें जें भव्य कारंजें आहे तें त्याचेंच काम.

आतां यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, हें कारंजें या चौकासाठीं केलेलेंच नव्हतें. पश्चिम हिंदुस्थानांतील कृषि व उद्यानविषयक संस्थेनें तें भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेसाठीं, म्हणजे आमच्या राणीच्या बागेसाठीं, करविलें होतें. बागेंत पुष्पदेवता असावी यांत औचित्य होतें. शिवाय त्याला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याचें नांव द्यावयाचें, असाही बेत होता. पुढें जागा बदलली आणि नांवही बदललें. फ्रियरच्याच कारकीर्दींत जुन्या किल्ल्याचा तट पाडला गेला होता. त्या तटांतील चर्चगेट नांवाचा दरवाजा जेथें उभा होता, त्या मोकळ्या झालेल्या ठिकाणीं हें कारंजें बसविण्यांत आलें. हा दरवाजा ज्या सेंट टॉमसच्या चर्चवरून ओळखला जाई, तें १७१८ चें चर्च अजून जवळच आहे. दरवाजा गेला, आणि त्याचें नांव मात्र रेल्वेच्या स्टेशनास चिकटून राहिलें.

बागेसाठीं केलेली वस्तु रहदारीच्या नाक्यावर आणून ठेविली म्हणजे ती विजोड दिसावयाची, असें कोणासही वाटेल. परंतु येथें तसें झालें नाहीं, आणि याचें कारण तिच्या रचनेंत आहे. सिंहासनावर बसलेल्या राजाच्या किंवा हात वर करून व्याख्यान देणाऱ्या पुढाऱ्याच्या पुतळ्यास तोंड असतें आणि पाठ असते. तो एका रस्त्याकडे पाहतो व बाकीच्या रस्त्यांचा अपमान करतो. कारंजाची गोष्ट निराळी. चार कोपऱ्यांवर पुराणकथांतील आकृति, मध्यें चढत जाणारी घडण, शिखरावर देवता, आणि या सर्वांवरून खालीं येणारें पाणी. कोणत्याही बाजूनें आलें तरी पाहणाऱ्याचें स्वागत सारखेंच होतें. उत्तरेकडून दादाभाई नौरोजी रस्ता, दक्षिणेकडून महात्मा गांधी रस्ता, पश्चिमेकडून वीर नरिमन रस्ता असे लोकांचे लोंढे येथें येऊन मिळतात. त्या सर्वांना समोर वाटेल अशी एकच वस्तु तेथें बसूं शकत होती, आणि योगायोगानें तीच बसली. या यशाचें श्रेय शॉला द्यावें कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. त्यानें हा नाका मनांत धरून रेघ ओढलेली नव्हती.

दोषही आहेच. मुख्य देवता इतकी उंच बसविली आहे कीं, खालून तिचा चेहरा दिसत नाहीं, नुसती बाह्याकृति दिसते. बागेंत बाकावर बसून मान वर करून पाहण्यास सवड असते. येथें लोक कचेरी गांठण्याच्या घाईंत असतात. त्या चौकांतून वर्षानुवर्षें जाणाऱ्यांपैकीं किती जणांनीं ती देवता नीट पाहिली असेल याची आम्हांस शंका आहे. कोरीव कामाची खरी गोडी खालच्या भागांत आहे, आणि पुष्कळ काळ तीही लोकांस मिळाली नाहीं, कारण सुंदर दगडाला तैलरंग फांसण्याची बुद्धि कोणास तरी झाली. रंगावर रंग चढत गेले. चुनखडीचा दगड श्वास घेतो, त्याला रंगाचें कातडें घातलें म्हणजे आंतला ओलावा आंतच कोंडतो, हें तर झालेंच. परंतु आमची मुख्य तक्रार अशी कीं, रंगाच्या थरांनीं पापण्या, पाकळ्या, वस्त्रांच्या चुण्या बुजून जाऊन शिल्पाचें मातीचें बाहुलें होतें. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धार होऊन २०१९ च्या जानेवारींत हें कारंजें पुन्हां वाहूं लागलें, तेव्हां मूळ दगड कसा होता हें आमच्या पिढीस प्रथमच दिसलें.

या कारंजाजवळून दक्षिणेकडे थोडें चालत गेलें कीं काळा घोडा लागतो. तेथें सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतांनाचा, अश्वारूढ पुतळा १८७९ पासून होता. १९६५ मध्यें तो हलवून राणीच्या बागेंत नेण्यांत आला. जी बाग कारंजासाठीं ठरली होती तिला शेवटीं घोडेस्वार मिळाला! राजपुत्र गेला आणि फ्लोरा राहिली, याचा अर्थ आमच्या मतें असा कीं, ती कोणाचीच नव्हती. फ्रियरचें नांव त्या कारंजास कायम राहिलें असतें तर त्याचीही उचलबांगडी झाली असती असें मानण्यास जागा आहे. तिला देवता म्हणून कोणी पूजीत नाहीं, राज्यकर्ती म्हणून कोणी तिचा द्वेष करीत नाहीं. ती नुसती सुंदर आहे, आणि तेवढ्यावर निभावून गेली.

आतां दुसऱ्या स्मारकाकडे वळूं. १९५५ च्या नोव्हेंबरांत, २१ तारखेस, मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठीं हरताळ झाला. विधिमंडळाकडे जाऊं पाहणारे लोक चर्चगेट स्टेशनाच्या बाजूनें आले, बोरीबंदरच्या बाजूनें आले, आणि या कारंजापाशीं एकत्र मिळाले. येथेंच गोळीबार झाला. त्या दिवशीं १५ माणसें बळी पडलीं. पुढें १९५६ च्या जानेवारींत मुंबई केंद्राच्या ताब्यांत राहणार असें जाहीर झाल्यावर आणखी पुष्कळ पडलीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, चौकास हुतात्म्यांचें नांव मिळालें, आणि कारंजाच्या शेजारीं त्यांचें स्मारक उभें राहिलें: हातीं मशाल घेतलेले दोघे, एक शेतकरी आणि एक कामगार.

या दोघांना शेजारीं उभें करण्यांतील कल्पना आम्हांस मोलाची वाटते. मुंबई महाराष्ट्राची नव्हे, असें म्हणणारांचा सारा भर शहर निराळें आणि मुलूख निराळा यावर होता. गिरणींतील माणूस आणि शेतावरचा माणूस एकत्र उभे केले म्हणजे त्या युक्तिवादाला शब्दाविना उत्तर मिळतें. ‘संयुक्त’ या विशेषणाचाच तो आकार आहे. कित्येक व्याख्यानांतून जें साधलें नसेल तें येथें दोन आकृतींनीं साधलें आहे.

परंतु याच्यापुढें आम्हांस जातां येत नाहीं. मशाल उंचावलेला श्रमजीवी ही प्रतिमा गेल्या शतकांत देशोदेशीं इतकी वापरली गेली आहे कीं, ती कोणत्याही चौकांत, कोणत्याही चळवळीसाठीं उभी करतां यावी. येथें जें घडलें तें या शिल्पांत नाहीं. त्या दुपारीं येथें आलेले लोक विजयी नव्हते, त्यांच्या हातीं मशाली नव्हत्या. ते निःशस्त्र होते आणि त्यांच्यांतील कांहीं घरीं परत गेले नाहींत. स्मारक दाखवितें तें चळवळीचें यश, आणि ज्यांच्यासाठीं तें उभारलें त्यांचें मरण मात्र झांकलें जातें. अमृतसरला जालियनवाला बागेंतील भिंतीवर गोळ्यांच्या खुणा राखून ठेविल्या आहेत. तेथें जाणाऱ्यास कोणी कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं. आमच्या चौकांत मात्र ज्यास इतिहास ठाऊक नाहीं त्यास त्या दोन आकृति कांहीएक सांगत नाहींत.

यावर असें उत्तर मिळेल कीं, हें स्मारक केवळ २१ नोव्हेंबरचें नाहीं. गिरणगांवांत पडलेल्यांचें आहे, बेळगांव-निपाणीकडे पडलेल्यांचेंही आहे, म्हणून त्याचें रूप सामान्य असणें भागच होतें. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण मग सर्वांचें म्हणून जें उभारलें त्यानें निदान सर्वांची मोजदाद तरी लोकांच्या मनांत पक्की करावयास हवी होती. पुष्कळ वर्षें १०५ हा आंकडा सर्वांच्या तोंडीं होता. पुढें १०६ म्हणूं लागले. १०७ असाही छापला जातो. एका माणसाचा फरक ज्या घरांतून तो माणूस गेला त्या घरीं लहान नसतो. दरवर्षीं १ मे रोजीं आणि २१ नोव्हेंबरला राज्याचे धुरीण येथें येऊन पुष्पचक्रें वाहतात. आणि शाळेंत जाणाऱ्या मुलाला आंकडा विचारला तर तो तीन उत्तरांपैकीं कोणतें देईल हें नशिबावर!

अशी परीक्षा करणें हा हुतात्म्यांचा अनादर होय, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. फोर्सिथच्या घडणीचे गुणदोष मोकळेपणानें बोलावयाचे आणि आपल्या माणसांच्या स्मारकापाशीं येतांच जीभ आवरावयाची, याचा अर्थ परक्या कारागिराकडून आम्ही कलेची अपेक्षा करतों आणि स्वकीयाकडून करीत नाहीं, एवढाच होतो. तो अनादर अधिक मोठा आहे.

नवा पुतळा बसवावा असें आमचें म्हणणें नाहीं. पुतळ्यांची मुंबईस वाण नाहीं. जीर्णोद्धाराच्या काळांत कारंजाभोंवतींची जमीन खणली असतां जुन्या ट्रामचे रूळ सांपडले होते. मुंबईची ट्राम १८७४ मध्यें घोड्यांनीं सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. म्हणजे गोळीबाराच्या दिवशीं हे रूळ वापरांत असलेल्या काळांतले आहेत. ज्या फरसबंदीवरून ते दोन लोंढे आले ती अशी पायाखालींच आहे. चर्चगेटकडून आणि बोरीबंदरकडून येणाऱ्या दोन्ही वाटांवर जमिनींत दगडाची एक एक साधी पट्टी बसवून तिच्यावर तारीख आणि त्या दिवशीं पडलेल्यांचीं नांवें कोरावीं. नांवें मराठींत असावींत, अक्षरें वाकून वाचण्याइतकीं मोठीं असावींत, आणि त्यांच्यावर रंग देऊं नये.