गॅरी किंगचा तोच कोट

एडगर राइटचा ‘द वर्ल्ड्स एंड’ (२०१३) हॉस्टेलवर पाहिला, तेव्हा मी गॅरीच्या बाजूने होतो. १९९० साली एका रात्रीत गावातले १२ पब करायचे राहून गेले, म्हणून हा चाळिशीत चार मित्रांना पुन्हा तिकडे ओढतो. कोट तोच, गाडीही तीच. १६ वर्षं दारू सोडलेल्या अँडीला आणायला आई वारल्याची थाप मारतो. आम्ही लोळून हसलो होतो.

परवा पुन्हा पाहिला. आता आमच्या ग्रुपवर ‘गोवा कधी?’ विचारणारा एकच उरलाय, बाकीचे अंगठा दाखवून गप्प. रोबोंची मारामारी पुढे ढकलली (लांबलीच आहे ती) आणि शेवटच्या पबमध्ये थांबलो. अँडी बिअर घेऊ देत नाही, झटापटीत गॅरीच्या मनगटावरच्या पट्ट्या दिसतात. सायमन पेग तिथे अजिबात हसवत नाही.

शेवट मात्र खटकतो. गॅरी पाणी मागतो, म्हणजे सुधारला म्हणायचं. पण सोबतीला त्याच चौघांचे तरुण रोबो. ज्याच्याशी खोटं बोलला, तो वय वाढलेला अँडी त्यांत नाही.