करवतकाठी : सांधाच दागिना

करवतकाठी साडी पाहताना नजर आधी अंगावर जाते. मधाच्या रंगाचा कोसा म्हणजे टसर रेशीम, धागा कुठे जाड, कुठे बारीक, त्यामुळे पोताला एक हलकी थरथर. मग नजर काठापाशी येते आणि तिथेच अडकते. गडद काठ आणि फिकं अंग जिथे भेटतात तिथे सरळ रेघ नाही, करवतीच्या दातांची ओळ आहे. नागपूर-भंडारा भागातल्या या साडीचं मर्म त्या ओळीत आहे.

नेहमीच्या साडीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. अंगाचा आडवा धागा काठातही शिरतो. लाल ताण्यावर पिवळा बाणा पडला की काठ नारिंगीकडे झुकणारच. करवतकाठी विणणाऱ्याला ही भेसळ चालत नाही. तो तीन धोटे वापरतो, एक अंगासाठी आणि एकेक दोन्ही काठांसाठी. प्रत्येक धोटा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन माघारी फिरतो आणि फिरताना शेजारच्या धाग्यात अडकतो. त्यामुळे काठ अस्सल आपल्याच रंगाचा राहतो. अंग आणि काठ वेगळे असूनही कुठे शिवण नसते. उभ्या पट्ट्यांचा स्वेटर विणणाऱ्या हातांना ही युक्ती ओळखीची वाटेल: सुईवर दोन रंग शेजारी आले की लोकरीचे धागे एकमेकांत पिळून घ्यावे लागतात, नाहीतर तिथे भोक पडतं.

दात येतात तेही या अडकवण्यातूनच. काठाचा धागा ओळीओळीने अंगात थोडा थोडा पुढे सरकतो, ठरलेल्या टोकाला पोचला की मागे येतो, पुन्हा पुढे. विणकर सांधा लपवत नाही, त्यालाच नक्षीत उतरवतो. वरून काही भरलेलं नाही, टाचलेलं नाही. बांधणी आणि शोभा इथे एकच आहेत, आणि कारागिरीत याहून मोठी गोष्ट क्वचित दिसते.

दातांच्या या ओळीला उठाव मिळतो तो दोन्ही बाजूंच्या धाग्यांमुळे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा हा कोसा गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यातला. ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या किड्यांची राखण करत आली आहेत. कोशाचा धागा मुळातच खडबडीत, न रंगवताही सोनेरी. काठाला मात्र बहुधा मर्सराइज्ड सूत असतं, गुळगुळीत आणि एकसारखं. रानातला धागा आणि बाजारातला धागा दातादातांनी एकमेकांत शिरतात. अंग साधं ठेवण्यातला संयम इथे कळतो. अंगभर बुट्ट्या पेरलेल्या नव्या साड्यांत काठाचा हा संवाद दबून जातो, हे माझं स्पष्ट मत आहे.

१८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडाने कोष्टी विणकरांच्या मागांपुढे आव्हान उभं केलं. करवतकाठी मात्र गिरणीच्या स्वभावात बसणारी नव्हती. धागा सरळ या टोकाहून त्या टोकाला फेकणं यंत्राला सोपं. दर ओळीला दोन ठिकाणी थांबून गुंतवणं आणि गुंतवण्याची जागा बदलत राहणं हे हाताचं काम. तेच तिचं बळ आणि तीच तिची अडचण, कारण एका ओळीला तीन धोटे म्हणजे वेळ वाढला, आणि वेळ वाढला की किंमत वाढली. भंडाऱ्याकडच्या मोहाडी, आंधळगावच्या मागांवर ही साडी आजही विणली जाते आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी मानांकनाने माग चालत नाही. तो चालतो गिऱ्हाइकाच्या पारखीवर.

म्हणून दुकानात करवतकाठी समोर आली की आधी ती उलटी करा. दात छापलेले असतील तर मागची बाजू लगेच सांगेल. दात विणलेले असतील, काठात अंगाचा रंग मिसळलेला नसेल, तर भाव करताना त्या तीन धोट्यांचा हिशेब मनात ठेवा.