रांगेतला नायक आणि स्कूटरवरचा प्रतिस्पर्धी

मंडळी, आजचा विषय शहरातला बसप्रवास. मी काही आकडेवारीचा माणूस नाही, सिनेमाचा आहे. म्हणून बासू चटर्जींचा १९७६चा ‘छोटी सी बात’ घेतो. आपण तो हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून पाहतो. माझ्या मते त्याचा पूर्वार्ध मुंबईच्या बस स्टॉपविषयी आहे.

बघा ना, अरुण म्हणजे अमोल पालेकर आणि प्रभा म्हणजे विद्या सिन्हा, यांची गाठ पडायला दुसरं कारणच नाही. नातं नाही, शेजार नाही, दोघांची ऑफिसंही वेगळी. त्यांना एकत्र आणते ती बसची रांग. रांगेत तुमचा पगार कुणी विचारत नाही. आधी आला तो पुढे. लाजऱ्या माणसाला रोज तेवढीच काही मिनिटं फुकट मिळतात आणि चटर्जी ती अजिबात घाई न करता दाखवतात. बसला उशीर झाला तर अरुणचा फायदाच की!

मग येतो नागेश, म्हणजे असरानी, स्कूटर घेऊन. प्रभाला लिफ्ट मिळते, अरुण स्टॉपवरच. त्या काळी नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे ध्यानात घ्या. दारात स्कूटर असणं म्हणजे केवढा रुबाब! अरुणही मग जुनी मोटारसायकल घेतो, ती बंद पडते आणि आपण हसतो. मला हल्ली तिथे हसू येत नाही. बसने जाणारा माणूस म्हणजे मागे पडलेला, ही समजूत त्याला हरवते, नागेश निमित्तमात्र.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अरुण खंडाळ्याला कर्नलकडे जातो (अशोककुमार काय बहार आणतात!), कुरघोडीचे डाव शिकून येतो. मजा येते, पण ज्या स्टॉपने गोष्ट उभी केली तो हातातून सुटतो. आणि अरुण प्रभाच्या मागोमाग तिच्या ऑफिसपर्यंत जातो, ते सिनेमा गोड मानून घेतो. रोज एकटीने बस पकडणाऱ्या बाईला विचारा, तिला ते कितपत गोड वाटतं.

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ला. जुन्या डिझेलवरच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या, तेव्हा शेवटची गाडी सजवली होती, लोकांनी फोटो काढले, डोळे पुसले. मे २०२५मध्ये साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, तेव्हा एवढं कुणाला गहिवरून आलेलं मला दिसलं नाही. आपलं प्रेम जुन्या गाडीवर जास्त, आत बसणाऱ्यावर कमी.

आता तो स्टॉपचा प्रसंग लावतो. या वेळी अरुणकडे बघू नका, त्याच्या मागे उभे आहेत त्यांच्याकडे बघा. दिवे घालवा जरा.