गुप्त मंडळांचा इतिहास आणि संहितेचा प्रश्न

ज्या मंडळाने आपले विधी लेखणीने उतरवू नयेत असा दंडक सभासदांना शपथपूर्वक घालून दिला, त्या मंडळाचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा? फ्रीमेसनरी आणि तिच्या आसपास वाढलेले गूढविद्येचे पंथ यांच्या अभ्यासात हा प्रश्न प्रथमपासून उभा आहे. त्याचे उत्तर इतिहासकाराने द्यावे, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः हा प्रश्न जितका इतिहासाचा, तितकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे साधन म्हणजे एक संहिता आहे: कुठे काव्य, कुठे वंशावळी, कुठे संवाद, कुठे रूपककथा. ती कोणत्या प्रकारची संहिता आहे हे न ओळखता तिच्यातून घटना काढू पाहणाऱ्यांनी या विषयाची सर्वांत अधिक हानी केली आहे.

या परंपरेचे सर्वांत जुने ज्ञात हस्तलिखित 'रीजियस काव्य' या नावाने ओळखले जाते. इ. स. १४०० च्या आगेमागे मध्ययुगीन इंग्रजीत लिहिलेल्या या ७९४ ओळींच्या पद्याचे खरे स्वरूप जेम्स हॅलिवेल या अभ्यासकाने ओळखले आणि १८४० मध्ये ते प्रसिद्ध केले. हॅलिवेल स्वतः फ्रीमेसन नव्हता. पुढे शेक्सपिअरचा संशोधक म्हणून त्याची ख्याती झाली. सूचीकारांनी नीतिकर्तव्यांची कविता म्हणून बाजूस ठेवलेली ही रचना गवंड्यांच्या व्यवसायसंघाची नियमावली आहे, हे एका साहित्याभ्यासकाच्या ध्यानात यावे ही गोष्ट सूचक आहे. या काव्यात भूमितीचा उगम ईजिप्तमधील युक्लिडकडे नेला आहे आणि अ‍ॅथेलस्टन राजाच्या काळी ती विद्या इंग्लंडात आली असे सांगितले आहे. त्याच्या उत्तरार्धातील काही भाग जॉन मर्क याच्या पाद्र्यांसाठी लिहिलेल्या उपदेशग्रंथातून आणि शिष्टाचारावरील एका प्रचलित पद्यातून घेतलेले आहेत. जुने अभिमानी लेखक ज्यास प्राचीन रहस्याचे भांडार समजत होते, त्या संहितेत वेतन, उमेदवारी, चर्चमधील वर्तन आणि जेवणाच्या पंक्तीतील सभ्यता यांचेच नियम आढळतात. यात निराश होण्याजोगे काही नाही. व्यवसायाला प्रतिष्ठा देण्यासाठी त्याच्या मुळाशी एखादी पुराणकथा ठेवावी, ही प्रवृत्ती आपल्याकडील जातिपुराणे व स्थलमाहात्म्ये वाचणाऱ्यास अपरिचित नाही.

जेम्स अँडरसन याने १७२३ मध्ये छापलेल्या 'कॉन्स्टिट्यूशन्स' या ग्रंथाचे स्वरूपही असेच आहे. त्यातील इतिहास आदमापासून सुरू होतो आणि नोआ, सॉलोमन, ऑगस्टस असे टप्पे घेत लंडनपर्यंत येतो. या भागास कोणी विवेकी अभ्यासक आज इतिहास मानीत नाही. परंतु अँडरसनच्याच १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलेले एक विधान मात्र दीर्घकाळ निर्विवाद सत्य म्हणून चालत आले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजेस एका मद्यगृहात एकत्र आल्या व त्यांनी ग्रँड लॉज स्थापन केली, हे ते विधान. या घटनेच्या त्रिशताब्दीचा सोहळा २०१७ मध्ये थाटात झाला. त्याच सुमारास अँड्र्यू प्रेस्कॉट व सुसान मिचेल सॉमर्स या संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, १७१७ विषयीचे समकालीन लेखी प्रमाण मिळत नाही, अँडरसनची कथा घटनेनंतर वीस वर्षांनी रचलेली आहे आणि स्थापनेचे वर्ष १७२१ मानणे अधिक सयुक्तिक आहे. या मताला सव्याज प्रतिवादही झाला आहे आणि वाद मिटलेला नाही. तथापि त्यातून एक तत्त्व स्पष्ट होते. ज्या लेखकाचे आदमाविषयीचे कथन आपण कल्पित म्हणून सोडून देतो, त्याचेच स्वकालाविषयीचे कथन केवळ ते संभाव्य वाटते एवढ्यावरून प्रमाण मानणे ही संहिता-परीक्षा नव्हे. संभाव्यता हा तर कुशल कथाकाराचा पहिला गुण असतो.

विधींच्या बाबतीत प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. सॅम्युअल प्रिचर्ड याने १७३० मध्ये 'मेसनरी डिसेक्टेड' ही पुस्तिका छापून तीन पायऱ्यांची दीक्षा प्रश्नोत्तररूपाने उघड केली. सॉलोमनच्या मंदिराचा शिल्पी हायरम याच्या वधाची कथा पूर्ण रूपात छापील स्वरूपात प्रथम येथेच आढळते. पुस्तिकेच्या अल्पावधीत अनेक आवृत्त्या निघाल्या. जे पाठ करावयाचे पण लिहावयाचे नाही, ते पाठ करण्यास अशी पुस्तिका सोयीचीच होती. शपथभंगातून जन्मलेली संहिता अशा रीतीने परंपरेची साक्षीदार ठरली. तिच्यावर विश्वास किती ठेवावा? शेफील्डचे अर्थशास्त्रीय इतिहासकार डग्लस नूप यांनी जी. पी. जोन्स व डग्लस हॅमर यांच्या सहकार्याने १९४३ मध्ये जुन्या प्रश्नोत्तरी एकत्र छापल्या, तेव्हा या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा मार्ग मोकळा झाला. एडिंबरो येथील १६९६ चे हस्तलिखित आणि प्रिचर्डची पुस्तिका शेजारी ठेवल्या की काय जुने, काय वाढविलेले, हे पाठभेदांवरून दिसू लागते.

हायरमच्या कथेचेच उदाहरण घ्यावे. बायबलमधील 'राजे' या ग्रंथात टायरचा हा कारागीर नफ्ताली वंशातील विधवेचा पुत्र म्हणून येतो आणि पितळेचे काम करतो. त्याच्या वधाचा तेथे मागमूसही नाही. उलट १७२६ च्या ग्रॅहम हस्तलिखितात, नोआचे तीन पुत्र पित्याच्या थडग्याजवळ जाऊन एखादे रहस्य हाती लागते काय हे पाहण्यासाठी त्याचे प्रेत उचलू पाहतात, अशी कथा आहे. मृत गुरू, हरवलेले ज्ञान आणि प्रेत उठविण्याची विशिष्ट रीत, हा कथाबंध दोन्हीकडे समान आहे. नाव मात्र बदलले आहे. लोककथेच्या अभ्यासकास यात नवल वाटणार नाही. कथाबंध टिकतो आणि नायक पालटतो, हा मौखिक परंपरेचा नेहमीचाच अनुभव आहे. परंतु हायरमला ऑसायरिसचा थेट वारस ठरविणाऱ्या अनेक ग्रंथकारांनी चार वर्षांच्या अंतरावरील या जवळच्या नातलगाकडे दुर्लक्ष करून तीन हजार वर्षांपलीकडील दूरचा नातलग शोधला.

येथे एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. छापलेले शब्द म्हणजे विधी नव्हे. नाट्यसंहिता आणि प्रयोग यांत जे अंतर असते, तेच येथेही आहे. स्कॉटलंडमधील विल्यम शॉ याने १५९९ मध्ये गवंड्यांसाठी केलेल्या नियमांत उमेदवाराची स्मरणविद्येत परीक्षा घ्यावी असे कलम आहे. डेव्हिड स्टीव्हनसन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात या कलमाकडे लक्ष वेधून फ्रीमेसनरीच्या उगमाची चर्चा लंडनमधून स्कॉटलंडकडे वळविली. स्मरण हा ज्या विधीचा प्राण आहे, त्याची एकच शुद्ध मूळ संहिता शोधणे हा प्रयत्नच चुकीच्या गृहीतावर आधारलेला ठरतो.

दुसरा वर्ग आहे तो संहिता आधी आणि पंथ नंतर अशा प्रकरणांचा. रोझिक्रूशियन बंधुसंघाची घोषणा करणारी 'फामा' ही पुस्तिका १६१४ मध्ये कासेल येथे छापली गेली. पुढील वर्षी 'कॉन्फेसिओ' आणि १६१६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे 'रासायनिक विवाह' ही रूपककथा आली. योहान व्हालेंटिन आंड्रेए याने ही शेवटची कृती आपली असल्याचे पुढे मान्य केले व तिला खेळ अशा अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. युरोपभर विद्वानांनी या संघास पत्रे लिहिली. संघ सापडला नाही. पण पुढील शतकांत त्या नावाचे संघ प्रत्यक्षात स्थापन झाले. फ्रान्सिस येट्स यांनी १९७२ मधील ग्रंथात या पुस्तिकांचा संबंध पॅलाटिनेटच्या फ्रेडरिकच्या राजकारणाशी जोडला. त्यांचे काही दुवे नंतरच्या अभ्यासकांना मान्य झाले नाहीत. तरी त्यांनी या पुस्तिका प्रथम त्यांच्या काळातील वाङ्मय म्हणून वाचल्या, हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

लंडनमध्ये १८८८ मध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या मंडळाची कथा याहून बोधप्रद आहे. त्याचा आधार होता एक सांकेतिक हस्तलिखित आणि जर्मनीतील अ‍ॅना श्प्रेंगेल या कथित अधिकारी स्त्रीची पत्रे. एलिक हाऊ यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही पत्रे बनावट असल्याचे दाखविले. त्यांतील जर्मन भाषा जर्मन माणसाची वाटत नाही, हा त्यांचा एक मुख्य पुरावा होता. म्हणजे येथेही निकाल भाषेने दिला. परंतु याच मंडळात डब्ल्यू. बी. येट्स १८९० मध्ये दाखल झाले होते आणि तेथील प्रतीकविद्या त्यांच्या काव्यात खोलवर मुरली. यावरून दोन विरुद्ध चुका संभवतात. मंडळाचा पाया बनावट म्हणून येट्सची प्रतीके पोकळ मानणे ही एक. येट्सचे काव्य श्रेष्ठ म्हणून त्या पत्रांत काही तथ्य असलेच पाहिजे असे मानणे ही दुसरी. काव्याची सत्यता आणि दस्तऐवजाची सत्यता या भिन्न कसोट्या आहेत. एकीचे उत्तर दुसरीला लावता येत नाही. गूढविद्येवरील बहुतेक लेखन, अनुकूल असो वा प्रतिकूल, याच ठिकाणी घसरते.

या विवेकाचा अभाव केवळ विद्वत्तेचा दोष राहत नाही. फ्रेंच राज्यक्रांती हा फ्रीमेसनांचा कट होता असे प्रतिपादणारे बारुएल व रॉबिसन यांचे ग्रंथ १७९७ मध्ये प्रसिद्ध होऊ लागले. शंभर वर्षांनी, १८९७ च्या एप्रिलमध्ये, लिओ ताक्सिल याने पॅरिसमधील सभेत सांगून टाकले की, फ्रीमेसनांच्या सैतानपूजेविषयी आपण वर्षानुवर्षे लिहिलेले सर्व काल्पनिक होते. कबुलीनंतरही त्या लेखनातील मजकूर उद्धृत होत राहिला. विसाव्या शतकात नाझी राजवटीने लॉजेस बंद केल्या आणि त्यांची दप्तरे लुटली. त्यांतील पुष्कळशी युद्धानंतर मॉस्कोत जाऊन पडली व सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच बाहेर येऊ लागली. संहिता कशी वाचावी हे न कळण्याचे मोल काही वेळा माणसांनी चुकविले आहे.

भारतात फ्रीमेसनांच्या वास्तूला लोक 'जादूघर' म्हणत. किपलिंग १८८६ मध्ये, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. दोनच वर्षांनी त्याने लिहिलेल्या 'द मॅन हू वुड बी किंग' या कथेत दोन भटके गोरे आपल्या अर्धवट विधिज्ञानाच्या बळावर काफिरिस्तानात राजे होतात आणि त्याच सोंगाच्या भंगाने नाश पावतात. बंधुत्वाची भाषा साम्राज्याच्या हाती आली की तिचे काय होते, याचे इतके निर्मम चित्र मंडळाच्या कोणत्याही विरोधकाने काढलेले नाही. परंतु कथेने न सांगितलेली बाजू दप्तरांत आहे. मुंबईच्या माणेकजी करसेटजी यांना येथील गोऱ्यांच्या लॉजने प्रवेश नाकारला. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही भारतीयांना खुली असलेली लॉज निघाली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळण्यास १८७२ साल उजाडले. सर्व मानव समान म्हणून गर्जणारा विधी आणि अर्जावरील नकार यांचे वाचन एकत्रच झाले पाहिजे. एकाने दुसऱ्याचा अर्थ उलगडतो.

मराठी अभ्यासकास ही समस्या परकी नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंदिस्त होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उलगडल्या आणि मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. 'लीळाचरित्रा'चे विविध पाठ, त्याची स्मरणातून झालेली पुनर्रचना, ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी केलेली संपादने, या सर्वांतून एक धडा मिळालेला आहे: लिपी उलगडणे म्हणजे ग्रंथ उलगडणे नव्हे. मात्र हे साम्य पद्धतीपुरतेच आहे. महानुभावांची गुप्तता श्रद्धेच्या रक्षणासाठी होती, तर लंडनच्या मद्यगृहातील गुप्तता मुख्यतः सहवासाची व ओळखीची खूण होती. 'इनिशिएशन'ला 'दीक्षा', 'क्राफ्ट'ला 'विद्या', 'डिग्री'ला 'भूमिका' असे प्रतिशब्द योजताच एका गवंडीसंघावर नकळत आगमग्रंथांची छाया पडते. 'प्रवेशविधी', 'हुन्नर' आणि 'पायरी' हे शब्द कमी भारदस्त आहेत. पण मूळ शब्दांवरील चुन्या-विटांची धूळ त्यांत शिल्लक राहते. अनुवादकाने केलेली शब्दांची निवड ही येथे इतिहासाविषयीचीच एक भूमिका ठरते.

गुप्त मंडळांच्या संशोधनात शेवटी जे हाती लागते, ते एखादे लपविलेले रहस्य क्वचितच असते. हाती लागतात त्या संहिता, त्यांचे पाठभेद, त्या रचणाऱ्यांच्या आकांक्षा आणि त्या वाचणाऱ्यांची भीती वा भक्ती. आतल्या माणसाला त्या पवित्र वाटतात, बाहेरच्याला संशयास्पद. समीक्षकाने यांपैकी कोणाचीही शपथ घेण्याचे कारण नाही. प्रत्येक संहितेला ती कोणी, केव्हा, कोणासाठी रचली आणि तिच्या जवळचे नातलग कोणते, एवढे प्रश्न चिकाटीने विचारणे हे त्याचे काम आहे. ते नीट झाले, तर पुढील इतिहासकाराला भक्कम भूमीवर उभे राहता येईल.